हातची चौदा मिनिटे

अक्कलकुवा ते कुरखेडा हे हवाई अंतर सहाशे एकोणपन्नास किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गोलाईवरून दोन ठिकाणांमध्ये काढलेल्या सर्वांत आखूड रेषेची ही लांबी. ती कोणाच्या सहीने बदलत नाही. ते अंतर कापायला लागणारा वेळ मात्र हेमराज रहांगडालेने ठरवला होता आणि खाली सही केली होती: दोन तास चौदा मिनिटे.

हेमराज मूळचा गोंदियाकडचा, वय त्रेचाळीस. नागपुरातल्या तापी-वैनगंगा हवाई सेवेत तो वेळापत्रक बघत असे. कंपनीकडे चौतीस मार्ग होते, सगळे तालुक्याच्या छोट्या धावपट्ट्यांमधले. त्यांवरून बिनवैमानिकाची, विजेवर चालणारी लहान विमाने उडत. उंच बारीक चाकांमुळे लोकांनी त्यांना टिटवी हे नाव दिले होते आणि पुढे कंपनीनेही तेच रंगवून घेतले. टिटवीत माणूस बसत नसे. लसी, रक्ताच्या पिशव्या, तपासणीचे नमुने, सुटे भाग असा दीडशे किलो माल ती नेई.

अंतर आणि वेळ यांच्यामध्ये वारा असतो. टिटवीचा स्वतःचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटर. पावसाळ्यात सातपुड्यावरून पूर्वेकडे जाताना पश्चिमेचा वारा पाठीशी लागतो आणि जमिनीवरून मोजलेला वेग पस्तीस-चाळीसने वाढतो. हिवाळ्यात तोच वारा उलटा होतो. चढणे-उतरणे धरून अक्कलकुवा-कुरखेडा उड्डाणाला पावसाळ्यात एकशे दहा मिनिटे लागत, वर्षाची सरासरी एकशे वीस. दोन वर्षांतल्या सहाशे अकरा उड्डाणांपैकी एकालाही एकशे सव्वीसपेक्षा जास्त वेळ लागला नव्हता.

तरी तक्त्यात एकशे चौतीस होते. सरासरीवर चौदा मिनिटे चढवलेली. कार्यालयात याला ‘हातचा’ म्हणत. सरकारी करारानुसार एका महिन्यात तीन उड्डाणे उशिरा पोचली की तो मार्ग बंद होणार होता, आणि उशीर मोजला जायचा तो तक्त्यावरून. त्यामुळे प्रत्येक मार्गावर काही मिनिटे हातची ठेवायची हे हेमराजला पहिल्याच आठवड्यात शिकवले गेले. तक्त्यात बारा महिन्यांचे बारा रकाने होते. बाराही रकान्यांत तो एकच आकडा भरत असे. कंपनीचा वक्तशीरपणा शंभर टक्के होता आणि दरवर्षी त्याचे प्रशस्तिपत्रक येई.

या व्यवस्थेची टिंगल करणारा एकच माणूस होता, सोमजी कुमरे. कुरखेड्याच्या धावपट्टीची राखण त्याच्याकडे होती. उतरण्याची वेळ यंत्र आपोआप कळवत असे, पण पट्टी मोकळी आहे आणि विमान धड आहे हे माणसाने फोन करून सांगावे असा नियम होता.

“उतरलं जी तुमचं पाखरू. बारा वाजून अठरा.”

“तक्त्यात बारा चव्वेचाळीस आहे, सोमजीभाऊ.”

“मंग तक्त्याले सांगा, जरा लवकर उठत जा म्हणा. माही भाकर तोंडात, अन् हे छातीवर येऊन टपकलं.”

“लवकर आलेलं चालतं हो. उशीर नको.”

“पाव्हणा लवकर येवो का उशिरा, फजिती घरच्या बाईचीच होते, साहेब. पट्टीवरच्या बकऱ्या हाकलाले धावतो कोण? मी!”

हेमराज हसे आणि वेळ टिपून घेई. दोन वर्षांत ते एकमेकांना एकदाही भेटले नव्हते, पण सोमजीच्या घरी सायत्राबाई नावाची बायको आहे, तिच्या हातच्या आंबाडीच्या भाजीपुढे त्याला काही गोड लागत नाही आणि मुलगी मंगला परिचारिकेचा अभ्यास करते, एवढे हेमराजला ठाऊक झाले होते.

त्या दोन वर्षांत वैद्यकाच्या क्षेत्रात एक मोठी गोष्ट घडली होती. यकृताच्या जिवंत पेशी तळहाताएवढ्या जाळीवर वाढवून त्यांची चकती करता येऊ लागली. रोग्याचे रक्त एका यंत्रातून या चकतीवरून फिरवायचे. चकती यकृताचे काम करते, रक्तातले विष निवडते. यकृत हा अवयव असा आहे की त्याला पाच-सहा दिवस विश्रांती मिळाली तर तो पुष्कळदा स्वतःच पुन्हा वाढतो. चकती तेवढे दिवस मिळवून देते. अडचण एकच. या पेशी भुकेल्या असतात. उबवणीच्या पेटीतून काढून प्रवासाच्या पेटीत बंद केल्यावर त्या एकशे सत्तर मिनिटे जगतात. पुढे त्या मरू लागतात, आणि मेलेल्या पेशींवरून फिरलेले रक्त रोग्याला उलट मारते.

राज्यात चकत्या तयार करणारी तीन केंद्रे होती. त्यांतले एक मागास भागासाठीच्या धोरणातून अक्कलकुव्याला दिले गेले. कुठल्या रोग्याला कुठली चकती जुळते आणि ती जिवंत पोचेल का, हे एक संगणकप्रणाली ठरवत असे. पोचण्याची वेळ ती हवाई कंपन्यांच्या तक्त्यांतून उचलत असे. तक्ता प्रणालीला जोडताना हेमराजकडे एक अर्ज आला होता. त्यातला सातवा प्रश्न असा होता: ‘दर्शवलेली वेळ ही प्रत्यक्ष उड्डाणाची वेळ आहे काय?’ ‘नाही’ लिहिले असते तर हातच्याची गोष्ट सरकारदरबारी लेखी गेली असती. हेमराजने ‘होय’ लिहिले. दुपारच्या जेवणाआधी चौतीस मार्गांचे चौतीस अर्ज भरून झाले.

ऑगस्टच्या एकोणीस तारखेला सकाळी नऊ पन्नासला सोमजीचा फोन आला. ही त्याच्या फोनची वेळ नव्हती.

“साहेब, मी आज पट्टीवर नाही. दवाखान्यात आहो.”

“काय झालं?”

“बाईनं सात्या खाल्ल्या.” सात्या म्हणजे पावसाळ्यात वारुळांवर उगवणाऱ्या अळिंब्या. गडचिरोलीकडे त्या आवडीने खातात, आणि त्यांच्यासारखीच दिसणारी एक विषारी जातही तिथेच उगवते. “मी ड्युटीवर होतो, मंगला जेवायच्या आधीच कालेजात परतली. हिनं एकटीनंच खाल्ल्या. पहिल्या दिसी उलट्या झाल्या, मंग बरं वाटलं. आता लिवर गेलं म्हणते डॉक्टर. यंत्र आहे इथं, चकती नाही. नागपूरची उद्या सकाळी तयार होईन म्हणते. अक्कलकुव्याले तिच्या मेळाची एक चकती आहे म्हणे. पण संगणकानं नाही म्हणलं. दूर पडते म्हणे. सहा मिनिटं दूर पडते.”

हेमराजने कागद पुढे ओढला.

“साहेब, तुमचं पाखरू तर साडेदहाले तिथूनच निघते नं जी? मी रोज पाह्यतो, ते केव्हा येते तर. तुम्ही कोणाले सांगून पाहा ना.”

हेमराजने कागदावर बेरीज मांडली. केंद्र ते धावपट्टी बारा मिनिटे, चढवायला पाच, उड्डाण एकशे चौतीस, कुरखेड्याच्या पट्टीवरून रुग्णालयात पंचवीस. एकशे शहात्तर. सरासरीचे एकशे वीस धरले तर एकशे बासष्ट. आजच्या वाऱ्याने एकशे बावन्न.

त्याने आधी वरिष्ठांना फोन केला. मृणाल घाटे कंपनीचे सगळे मार्ग सांभाळत. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले.

“रहांगडाले, एका मार्गाचा आकडा चुकीचा आहे म्हणालात की उद्या चौतीस मार्गांची चौकशी. हातचा काढला की डिसेंबरात तीन उशीर होणारच. कुरखेड्याची पट्टी बंद झाली तर तिथे लससुद्धा उतरणार नाही. याचा विचार करा.”

“तिच्याकडे वेळ नाही, मॅडम.”

“डॉक्टर काय म्हणतात? दुसरं केंद्र?”

“नागपूरची चकती उद्या सकाळी तयार होईल म्हणतात. जुळेल बहुतेक.”

“मग झालं तर. तुम्ही खोटं बोला असं मी सांगत नाहीये. केंद्राला फोन करा, विनंती करा. पण चूक झाली असं काही नोंदवू नका.”

यात बारा मिनिटे गेली. मग त्याने अक्कलकुव्याच्या केंद्राला फोन लावला. ड्युटीवर अलका पावरा नावाची अधिकारी होती. आवाज तरुण होता, बोलणे भराभर.

“तक्त्याप्रमाणे एकशे शहात्तर होतात, सर. मर्यादा एकशे सत्तर.”

“ते विमान बरेचदा लवकर पोचतं.”

“किती लवकर?”

“दहा-वीस मिनिटं. वाऱ्यावर आहे.”

“बरेचदा म्हणजे काय समजू मी? चकती वाटेत मेली तर ती लावून रोगी मरणार. बरेचदावर मला पेटी सोडता येत नाही. तक्ता तुमच्या सहीचा आहे ना? त्यातली वेळ चुकीची आहे, एवढं एक वाक्य बोला. फोन नोंदला जातोय. पेटी माझ्यासमोर आहे, मी आत्ता बंद करते.”

दहा वाजून पाच मिनिटे झाली होती. हेमराजला सातवा प्रश्न आठवला. उद्याची नागपूरची चकतीही आठवली. आपल्याकडे दुसरी वाट आहे, ही समजूत त्या क्षणी त्याला खूप उपयोगी पडली.

“तक्ता बरोबर आहे,” तो म्हणाला.

“ठीक आहे, सर,” असे म्हणून तिने फोन ठेवला.

टिटवी दहा एकतीसला अक्कलकुव्याहून निघाली. तिच्यात शाळांच्या जलशुद्धीकरण यंत्रांच्या गाळण्या आणि नमुन्यांच्या रिकाम्या पेट्या होत्या. ती कुरखेड्याला बारा वीसला उतरली. एकशे नऊ मिनिटे. फोन सोमजीच्या बदली आलेल्या माणसाने केला. त्याने फक्त वेळ सांगितली.

नागपूरची चकती दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला तयार झाली. सायत्राबाई त्याआधी तासभर वारली. ती सेहेचाळीस वर्षांची होती.

सोमजी पंधरा दिवसांनी कामावर आला. फोन पूर्वीसारखे सुरू झाले, पण आता त्यांत वेळेपलीकडे काही नसे. पहिल्या दिवशी तो एवढे म्हणाला, “साहेब, तुम्ही अक्कलकुव्याले फोन केलता म्हणे. डॉक्टरनं सांगतलं. कोण करते जी एवढं? आमचं गावच दूर, त्याले तुम्ही काय करसान.”

हेमराजने ते ऐकून घेतले आणि वेळ टिपली. बारा बावीस.

घरी त्याने बायकोला सांगितले, पण महिन्याभराने आणि तुकड्यातुकड्याने. चित्रा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असे. आधी त्याने तिला हातच्याची पद्धत सांगितली, मग कराराची अट, घाटे मॅडमचे म्हणणे, नागपूरची चकती. ती भाजी निवडत होती.

“आणि ती बाई काय म्हणाली? केंद्रावरची?”

“एक वाक्य बोला म्हणाली.”

“मग?”

“तक्ता बरोबर आहे म्हणालो.”

चित्राचे हात थांबले. “तुला माहीत होतं ना बरोबर नाहीये?”

“हो.”

“तेव्हाच माहीत होतं? नंतर नाही कळलं?”

“तेव्हाच.”

तिने निवडलेली भाजी परातीत ढकलली. मग म्हणाली, “त्याला सांगितलंस?”

“सांगून काय होणार? त्याचं समाधान आहे की गाव दूर आहे. तेही काढून घेऊ?”

“समाधान कोणाचं आहे ते बघ आधी,” ती म्हणाली आणि परात उचलून आत गेली. त्यानंतर तिने हा विषय काढला नाही. पण कामावरून आल्यावर ‘आज काय विशेष?’ असे ती रोज विचारायची, तेही बंद झाले. हेमराजला दुसरे काहीही सहन झाले असते.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्याने चौतीस मार्गांचे प्रत्यक्ष आकडे काढले, महिन्यावार, बारा रकान्यांत बारा. सोबत प्रणालीच्या अधिकाऱ्यांना पत्र लिहिले. सातव्या प्रश्नाचे उत्तर खोटे होते आणि एकोणीस ऑगस्टला फोनवर केलेले विधानही खोटे होते, असे त्यात होते. घाटे मॅडमनी पत्र दोनदा वाचले.

“हे पाठवल्यावर तुम्ही या खुर्चीत राहणार नाही. कळतंय ना?”

“कळतंय.”

“आणि डिसेंबरात मार्ग बंद पडले तर?”

“म्हणून शेवटच्या परिच्छेदात लिहिलंय. उशीर मोजायची वेळ वेगळी ठेवा आणि पोचायची खरी वेळ वेगळी. दोन रकाने. इतकंच करायचं होतं, मॅडम. दोन वर्षांपूर्वी मागितले असते तर मिळाले असते. आपण मागितलेच नाहीत.”

पत्र गेले. चौथ्या दिवशी हेमराजला निलंबनाचा आदेश मिळाला. पाचव्या दिवशी तो बसने कुरखेड्याला गेला.

सोमजी त्याला वाटला होता त्यापेक्षा लहानखुरा निघाला. पट्टीच्या कडेला पत्र्याची खोली होती, बाहेर बाकडे. हेमराजने नाव सांगताच सोमजी उठून उभा राहिला आणि बाकडे पुसू लागला.

“बसा, बसा जी साहेब. आवाज ओळखीचा, अन् माणूस आज दिसला. चहा ठेवतो.”

“चहा नको. आधी ऐका.”

हेमराजने उभ्याउभ्याच सांगितले. आकडे सांगितले, बेरीज सांगितली. सोमजी मध्ये बोलला नाही. शेवटी म्हणाला, “ते फोनवरचं पुन्हा सांगा. ती बाई काय बोलली अन् तुम्ही काय बोललात. जसंच्या तसं.”

हेमराजने जसेच्या तसे सांगितले.

सोमजी बाकड्यावर बसला. पट्टीच्या टोकाला एक बकरी आली होती, तिच्याकडे पाहत राहिला. हाकलायला उठला नाही.

“माह्या पोरीनं आणल्या होत्या त्या सात्या,” तो म्हणाला. “मंगलानं. सुट्टीले आली होती, आईले आवडते म्हणून पहाटी रानात गेली. दोन महिने झाले, कालेजात गेली नाही. भाकर वाढली तर खाते, नाही वाढली तर मागत नाही. मी तिले रोज सांगतो, बाई, तुही चूक नाही, गाव दूर पडलं. ती ऐकूनच घेत नाही.” तो थांबला. “अन् तुम्ही आता सांगता, गाव दूर नव्हतं.”

“नव्हतं.”

सोमजीने त्याच्याकडे पाहिले. मारायला उठेल असे हेमराजला वाटले. तो उठला असता तर बरे, असेही वाटले.

“मले सांगून काय उपेग? मी तुमाले शिव्या देईन, तुम्ही ऐकून घेसान अन् बसमंदी बसून जासान. मंग तुमी मोकळे.” तो खोलीला कुलूप लावू लागला. “उद्या ग्रामसभा आहे. आमच्या गावात चुकलेला माणूस सभेत उभा राहून बोलते. सारे बसलेले, तो एकटा उभा. बोलणं होईतोवर कोणी मधात बोलत नाही. तिथं बोला. मंगला राहीन तिथं.”

सोमजीचे गाव सालेटोला पट्टीपासून चार किलोमीटरवर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मोहाच्या झाडाखाली सभा भरली, साठ-सत्तर माणसे. हेमराज रात्री सोमजीच्याच ओसरीवर झोपला होता. त्याला जेवण वाढले होते, पण त्याच्याशी कोणी बोलले नव्हते. मंगला सभेत बायकांच्या शेवटच्या ओळीत बसली होती, मान खाली.

हेमराज उभा राहिला. चकती, वारा, तक्ता हे सगळे साध्या शब्दांत सांगायला त्याला दहा मिनिटे लागली. शेवटचे वाक्य त्याने जसेच्या तसे उच्चारले, “तक्ता बरोबर आहे, असं मी म्हणालो. तो चुकीचा आहे हे मला माहीत होतं.” मग तो उभाच राहिला, कारण खाली बसायला कोणी सांगितले नाही.

पुढे बसलेल्या एका म्हातारीने विचारले, “आता त्या तक्त्यात टाइम किती लिवला आहे?”

“पावसाळ्यात एकशे दहा मिनिटं. थंडीत एकशे पंचवीस.”

“अन् उद्या गावातल्या कोण्या पोरीले लागली चकती, तर भेटीन?”

“जुळली तर मिळेल.”

म्हातारीने मान हलवली. एक तरुण उठून काही बोलणार होता, शेजाऱ्याने त्याला खाली बसवले. सभेचे सचिव गावातलेच शिक्षक होते. त्यांनी गावाची नोंदवही उघडली. तिच्यात गावातले जन्म, मृत्यू आणि मृत्यूची कारणे सभेसमोर लिहिली जात. सायत्राबाईच्या नावापुढे लिहिलेले त्यांनी मोठ्याने वाचले, “रानातल्या विषारी सात्या खाल्ल्यामुळे.” मग पेन उचलून विचारले, “ही ओळ खोडू का?”

सोमजी म्हणाला, “खोडा, मास्तर. खाली ते खरं लिवा.”

“खोडू नका,” मागून मंगला म्हणाली. दोन महिन्यांत ती सभेत काय, घरातही इतक्या मोठ्याने बोलली नव्हती. ती बायकांमधून वाट काढत पुढे आली. “सात्या मीच आणल्या होत्या. ते या साहेबाच्या सांगण्यानं पुसत नाही.”

“बाई, पण यानं जर...” सोमजी म्हणाला.

“याचं याच्या जागी, बाबा. माहं माह्या जागी. दोन्ही लिवा.”

सचिवांनी पहिली ओळ तशीच ठेवली आणि तिच्याखाली लिहिले: ‘औषध वेळेत पोचू शकत होते. पोचणार नाही असे सांगण्यात आले.’ वाचून दाखवले. वही हेमराजपुढे धरली. त्याने दुसऱ्या ओळीपुढे सही केली आणि तारीख घातली.

मंगलाने त्याच्या हातातून पेन घेतले. पहिल्या ओळीपुढची जागा कोरी होती. तिथे तिने स्वतःचे नाव लिहिले, पूर्ण, बापाच्या नावासकट. मग पेन मास्तरांना दिले आणि जागेवर जाऊन बसण्याऐवजी सोमजीशेजारी येऊन बसली.

“साहेब, बसा आता,” सचिव म्हणाले. हेमराज जिथे उभा होता तिथेच मातीत बसला. पुढचा विषय शाळेच्या छपराचा होता.